कुंपणाजवळची मधपेटी

मधपेटीच्या तोंडाशी चाललेली माश्यांची लगबग पाहून मधपाळाला समाधान वाटते, पण कुंपणापलीकडच्या माणसाला त्याच माश्या धोक्याच्या वाटतात, आणि त्याची ही भीती अज्ञान म्हणून झटकून टाकणाऱ्या मधपाळाचे शेजाऱ्याशी पुढे कधी जमत नाही. आक्षेप आला की सर्वप्रथम शांतपणे विचारावे, नेमका त्रास कशाचा होतो?

पुष्कळदा उत्तर येते, पाण्यावरच्या माश्यांचा. उन्हाळ्यात पेटी थंड राखण्यासाठी आणि घट्ट मध पातळ करून अळ्यांना भरवण्यासाठी वसाहतीला सतत पाणी लागते. शेजाऱ्याचा गळका नळ एखाद्या माशीला सापडला, की ती पेटीत परतून नाचाच्या खुणांनी ती जागा इतरांना कळवते. माश्यांची हीच नृत्यभाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. एकदा जडलेली ही सवय मोडणे फार कठीण असते. म्हणूनच पेटी आणली त्याच दिवशी तिच्याजवळ उथळ भांड्यात पाणी भरावे, माश्यांना बसता यावे म्हणून त्यात खडे टाकावेत आणि ते भांडे एक दिवसही कोरडे पडू देऊ नये.

माश्यांची वाट शेजाऱ्याच्या अंगणातून जात असेल, तर पेटीसमोर सुमारे दोन मीटर उंचीची दाट जाळी किंवा झुडपांची रांग उभारावी, म्हणजे माश्या तिथूनच उंच चढतात आणि माणसांच्या डोक्यावरून निघून जातात.

डंखांची तक्रार अधिक गंभीरपणे घ्यायला हवी. डंख मारणारी माशी एक गंध सोडते आणि त्या गंधाने बाकीच्या माश्याही चवताळतात; त्यामुळे शेजारी अंगणात वावरत असताना किंवा आभाळ भरून आलेले असताना पेटी उघडणे हा माझ्या मते निव्वळ बेजबाबदारपणा आहे. वसाहतच तापट असेल, तर शांत वसाहतीतली राणी तिच्यात घालावी. हंगामात कामकरी माशी साधारण सहा आठवडेच जगते, त्यामुळे दीड-दोन महिन्यांत जुन्या माश्यांची जागा नव्या राणीची प्रजा घेते आणि वसाहतीचा स्वभाव पालटतो.

मात्र शेजारच्या घरात कोणाला पूर्वी डंखामुळे श्वास कोंडण्याइतकी तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल, तर घासाघीस न करता पेटी तिथून हलवावी. घाईघाईने ती त्याच आवारात दुसऱ्या कोपऱ्यात नेली, तर चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागी परतून घोंघावत राहतात आणि शेजाऱ्याची धास्ती उलट वाढते. त्यासाठी अंधार पडल्यावर, सगळ्या माश्या आत आल्यानंतर, तोंडावर हवा खेळती राहील अशी जाळी लावून पेटी किमान पाच किलोमीटर दूर न्यावी, आणि ती कोणत्या रात्री हलणार आहे हे शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.