रेड्याच्या खाती किती दूध?

सिन्नरकडच्या या गोठ्यात पहाटेची धार नुकतीच संपली आहे. मापातले दूध किटलीत ओतण्याआधी मालकीणबाई भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, आजच्या चौकटीत, म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे आकडे आणि त्यापुढे लिटर लिहितात. म्हशींची वंशसुधारणा या आकड्यांवरच उभी आहे.

म्हशीचे दूध मोजता येते. रेड्याचे कसे मोजावे? रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे, पण त्याच्या वंशात दूध किती, हे मात्र त्याच्या लेकीच सांगू शकतात. म्हणून एकाच रेड्याचे रेत गावोगावच्या अनेक म्हशींना दिले जाते, त्यातून झालेल्या पारड्या वाढवून, त्या व्याल्या की प्रत्येकीचे वेताच्या 305 दिवसांपर्यंतचे दूध आणि फॅट नोंदवले जाते, आणि चारा, गोठा व ऋतू यांमुळे पडलेला फरक हिशेबातून वजा करून जे उरते ते रेड्याच्या खाती मांडले जाते. हीच संतती चाचणी. पारडी पहिल्यांदा विते तेव्हा बहुधा साडेतीन-चार वर्षांची असते, त्यामुळे रेड्याचा निकाल लागायला सहा-सात वर्षे सहज जातात. तोवर त्याचे रेत द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंश सेल्सिअसला, जपून ठेवता येते. 1985 साली स्थापन झालेली हिसारची केंद्रीय म्हैस संशोधन संस्था मुऱ्हा जातीत हेच काम करत आली आहे.

गावठी म्हशीला पिढ्यान्‌पिढ्या मुऱ्हाचेच रेतन केले, तर मुऱ्हाचा अंश पहिल्या पिढीत निम्मा, दुसऱ्या पिढीत पाऊण आणि तिसऱ्या पिढीत साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर जातो. मात्र तलवारीसारख्या लांब शिंगांची, कमी चाऱ्यावर तगणारी पंढरपुरी दावणीला असेल, तर तिला तिच्याच जातीचा निवडक रेडा द्यावा, असे आम्हांला वाटते. आणि गावात वर्षानुवर्षे एकच रेडा फिरत असेल, तर तो आपल्याच लेकींवर जाणार, हे तर सांगायलाही नको.

खरी अडचण माजाची, म्हणजे म्हैस फळायला तयार झाल्याचे ओळखण्याची आहे. उन्हाळ्यात म्हैस मुका माज करते: ओरडत नाही, उसळत नाही, रात्री सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, टाकते आणि सकाळी रवंथ करत बसते. आज मालकीणबाईंना शेपटीला चिकटलेली तार दिसली, म्हणून संध्याकाळी कृत्रिम रेतन करणारे आले आहेत. त्यांनी चिमट्याने काढलेली स्ट्रॉ, म्हणजे गोठवलेल्या रेताची बारीक नळी, 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली, पुसली आणि तिच्यावरचा रेड्याचा क्रमांक मोठ्याने वाचला. बाईंनी तो मे महिन्याच्या पानावर उतरवून घेतला. व्यायची तारीख सुमारे 310 दिवसांनी येते, म्हणजे पुढच्या मार्चात. ती दिनदर्शिका अजून बाजारात यायची आहे.