केमिकल तेच, मग असं का?

नमस्कार मंडळी! आत्ता रेडिओचा आवाज वाढवायला तुम्ही हात पुढे केलात ना, तेव्हा हाताचे स्नायू आकसले ते ॲसिटिलकोलीन नावाच्या केमिकलमुळे, आणि हेच ॲसिटिलकोलीन हृदयापाशी सुटलं की तिथे ठोके उलट मंदावतात. एकीकडे चल म्हणतं, दुसरीकडे जरा दमानं. हे कसं काय? तर उत्तर त्या केमिकलमध्ये शोधून सापडणारच नाही, ते आहे हा केमिकलचा निरोप स्वीकारणाऱ्या पेशीवरच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे केमिकल जिथे येऊन बसतं त्या प्रोटीनमध्ये.

स्नायूवरचा रिसेप्टर निकोटिनिक, कारण निकोटीनही त्याला चिकटतं. प्रोटीनचे पाच भाग गोल करून उभे, मधे भोक, एरवी बंद. ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू येऊन बसले की भोक उघडतं, सोडियम आत घुसतं, काम मिलिसेकंदांत. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाला क्युरारे लावायचे ना, ते विष इथेच जागा अडवून बसतं, म्हणून जनावर लुळं पडतं.

हृदयावर असतो मस्करिनिक, आणि त्याला असं भोकच नाही! एकच लांब साखळी, पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार ओवलेली, बाहेरून ॲसिटिलकोलीन बसलं की तिचा आतला भाग हलतो, तो पेशीच्या आतल्या जी प्रोटीन नावाच्या निरोप्याला जागं करतो, मग त्याचा एक तुकडा सुटून शेजारचं पोटॅशियमचं दार उघडतो आणि ठोका लांबतो. एवढ्या हातांतून निरोप जातो म्हटल्यावर वेळ लागणारच, पण असर जास्त टिकतो. शास्त्रज्ञ ऑटो लोवींनी 1921 मध्ये बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नस, म्हणजे ॲसिटिलकोलीन सोडणारा मज्जातंतू, चेतवली आणि त्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं, ते याच रिसेप्टरमुळे. जी प्रोटीनवाल्या रिसेप्टर्सच्या अभ्यासाला 2012 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

मला स्वतःला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो मेंदूतला एनएमडीए नावाचा रिसेप्टर. ग्लुटामेट हे निरोपाचं केमिकल आलं, शेजारी ग्लायसिन हे दुसरं केमिकलही बसलं, तरी हा लगेच कामाला लागत नाही, कारण भोकात मॅग्नेशियमचं बूच असतं, आणि ती पेशी आधीच उत्तेजित असेल तरच ते बूच निघतं. म्हणजे पलीकडून निरोप आणि इकडे जाग, दोन्ही एका वेळी जुळलं की कॅल्शियम आत येतं आणि त्या दोन पेशींमधला दुवा पक्का होऊ लागतो. तुम्ही आज ऐकलेलं उद्या आठवलंत, तर त्यात या बुचाचाही वाटा असेल.