स्लॅबचं घरही शाकारावं लागतं

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना निम्मा सरला की कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेतल्या कौलारू घरावर दोन गडी चढायचे. फुटकी कौलं खाली, नवी वर, सरकलेली जागेवर. पन्हाळीत साठलेला वर्षाचा पालापाचोळा पाटीत भरून खाली. आई अंगणातनं ओरडायची, "जपून रं, वासा जुना हाय तिकडला!" घर शाकारणं म्हणायचे याला. अर्ध्या दिवसाचं काम, पण रोहिणी निघायच्या आत व्हायलाच पाहिजे. त्या घरात पैसा कमी होता, पण शाकारणी चुकली असं एक वर्ष मला आठवत नाही.

मग स्लॅबची घरं आली आणि शिडी माळ्यावर गेली. स्लॅब पडला, आता काय, सुटलो! बांधकामावर सुपरवायझर म्हणून मी तीस वर्षं काढली. नवं घर घेतलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही. आज तुम्हाला एवढंच सांगायला आलोय, की स्लॅबचं घरही शाकारावं लागतं. कौल फुटलं की निदान दिसतं तरी. स्लॅबचं दुखणं आतल्या आत चालतं, आणि भिंतीला पोपडे यायला लागले की मग आपण रंगाऱ्याला बोलावतो. बोलवायचा असतो गवंडी.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पाचगाव रोडला स्वतःचं घर बांधलं तेव्हाची गोष्ट. दुसऱ्यांच्या शंभर स्लॅबवर उभा राहिलेला माणूस मी, आपल्या घराला काय होतंय अशी घमेंड होती. वास्तुशांतीची पंगत गच्चीवरच घातली. पुढं जुलैत संततधार लागली आणि एका रात्री दोन वाजता पलंगावर टप्पकन थेंब पडला. दिवा लावून बघतो तर पंख्याच्या डब्यातनं पाणी. मेन स्विच बंद केला, बॅटरी घेतली आणि वर गेलो. गच्चीत घोटाभर पाणी! हातानं चाचपत कोपऱ्यातल्या पाईपापाशी गेलो, तर वास्तुशांतीतला एक पानाचा द्रोण पाईपाच्या तोंडावर पालथा बसलेला. मापानं शिवल्यासारखा. तो उचलल्याबरोबर भोवरा करून पाणी जायला लागलं. बायको जिन्यात उभी होती. तेव्हा एक शब्द बोलली नाही. अजून बोलते.

आता यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे स्लॅब पाणी वाहून जायला केलेला असतो, साठवायला नाही. पाणी तुंबलं की ते बारीकातली बारीक चीर शोधतं. दुसरी म्हणजे, जिथं टपकतं तिथंच गळतं असं नसतं. वायरिंगचे पाईप स्लॅबच्या पोटातनं गेलेले असतात. चीर असते एका टोकाला, पाणी पाईपाच्या कडेनं सरकत येतं आणि डब्यातनं डोकावतं. त्यामुळं पंख्याच्या बरोबर वरच्या जागेवर सिमेंट फासून काही होत नाही.

मग करायचं काय? गच्ची स्वच्छ झाडा आणि दहा-पंधरा बादल्या पाणी ओता. उगाच चार शिंतोडे नकोत. अर्ध्या तासानं वर जा. जिथं डबकं राहिलं असेल तिथं खडूनं गोल काढा. तिथं ढाळ चुकलाय. तेवढाच तुकडा गवंड्याकडनं नीट करून घ्या, सगळी गच्ची उखडायची गरज बहुतेक वेळा नसते. मग बसून कडा बघा. गच्चीचा कोबा आणि कठड्याची भिंत जिथं मिळते तिथं गवंडी सिमेंटची गोलाई देतात, त्याला वाटा मारणं म्हणतात. दहातल्या सात गळती मला या वाट्यातच सापडल्यात, हे माझ्या अनुभवाचं सांगतो. चीर दिसली तर वरनं नुसता ब्रश फिरवून भागत नाही. ती छिन्नीनं थोडी उघडायची, धूळ काढायची, पॉलिमर मिसळलेल्या मालानं भरायची आणि मग लेप. बऱ्याच लेपांना खालची जागा कोरडीठाक लागते. म्हणून हे काम आता, मेमध्ये. मृग निघाल्यावर गवंडी सापडतो, पण ऊन सापडत नाही.

पाईपाच्या तोंडाला जाळी बसवा. जाळी म्हणजे पोळीसारखी सपाट नको, घुमटासारखी उभी. सपाट जाळीवर एक पान पडलं की आमचा द्रोण झाला.

आणि एक कळकळीची विनंती. हल्ली सोलर बसवणारी पोरं येतात, डिशवाला येतो, आणि ड्रिल लावून सरळ गच्चीला भोकं पाडतात. वॉटरप्रूफिंगला हजारो रुपये घातलेले असतात आणि हा चार बोल्टांसाठी त्याची चाळण करतो. त्याला सांगा, सिमेंटचे ठोकळे ठेव आणि त्यावर स्टँड उभा कर, वाऱ्यानं हलणार नाही एवढ्या वजनाचे. पाण्याची जादा टाकी बसवतानाही तसंच, जागा विचारून बसवा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते बीमच्या, कॉलमच्या डोक्यावर बसायला हवं, खोलीच्या मधोमध नव्हे.

कोल्हापूरचा पाऊस येतो पश्चिमेकडनं, गगनबावडा-राधानगरीच्या अंगानं. झड लागते ती पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला. वास्तुशास्त्रवाले नैर्ऋत्येचं काय सांगतात ते सांगोत, गवंड्याच्या हिशेबी त्या कोपऱ्याला बाहेरनं चांगला रंग पाहिजे. खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासनं बोटभर आत, एक खाच असते. नसली तर करून घ्या. खाच असली की पाणी तिथनंच खाली गळतं, नसली तर छज्ज्याच्या पोटाला धरून भिंतीत शिरतं. आणि सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, ती कुणी बघतच नाही. पट्टीत शिरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ती ठेवलेली असतात. धुळीनं, मुंग्यांच्या मातीनं बुजतात. मग पट्टी भरते आणि पाणी घरात. एक उदबत्तीची काडी घ्या आणि सगळी भोकं मोकळी करा. खर्च शून्य.

भिंतीतल्या भेगांना नवीन घरमालक फार घाबरतो. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या रेघा असतील, तर त्या प्लास्टर सुकतानाच्या आहेत, घोर लावून घेऊ नका. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी निघालेली भेग असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दोन महिन्यांनी बघा. रेघेच्या पुढं गेली, रुंद झाली, तर इंजिनिअरला दाखवा. मात्र कॉलमला किंवा बीमला लांबीच्या दिशेनं चीर आणि तिच्यातनं गंजाचा तांबडा ओघळ, हे दिसलं तर दोन महिने थांबायचं नाही. आतली सळई फुगायला लागलीय.

बाथरूममधल्या फरशीवर नाण्यानं टकटक करा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर खाली पोकळी आहे. फरश्यांच्या सांध्यातला माल निघाला असेल तर तो आधी भरून घ्या. शेजारच्या खोलीत कपाटामागं येणारी ओल बहुतेक इथनंच निघते.

विजेचं. मेन स्विचच्या डब्यात एका खटक्यावर छोटं बटण असतं, 'टेस्ट' लिहिलेलं. करंट गळायला लागला की वीज तोडणारा हा खटका, घरासाठी ३० मिलिअँपियरचा. ते बटण दाबलं की खटका पटकन पडला पाहिजे. तीन-चार महिन्यांतनं एकदा दाबून बघा, आणि पडला नाही तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा. असला खटका तुमच्या घरात नसलाच, तर सोफ्याचे पैसे आधी इकडं वळवा.

आता पुराचं. रमणमळा, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, बापट कॅम्प, या भागांत घर घेतलंय त्यांना २०१९ आणि २०२१ मी वेगळं सांगायला नको. पण बाहेरगावाहून येऊन इथं पहिलं घर घेणाऱ्याला कधीकधी कुणी सांगतच नाही. व्यवहाराच्या आधी शेजाऱ्यांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवर हात ठेवून दाखवतील. पूर्वी पंचगंगेच्या पुलाकडनं आलेल्या माणसाला विचारायचे, मच्छिंद्री झाली का? म्हणजे पुराचं पाणी पुलाच्या खुणेला लागलं का. आता आकडा ऐकायचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. आणि पाणी दारातनंच येतं असं समजू नका. बाहेरचं चेंबर भरलं की ते संडासातनं, नहाणीतनं उलटं वर येतं. अशा भागात ड्रेनेजच्या पाईपावर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या, आणि तळमजल्याची बटणं, मीटर जमेल तेवढे वर घ्या.

फ्लॅट घेतलेल्यांसाठी एक कायद्याची गोष्ट. रेरा म्हणजे घर घेणाऱ्याच्या बाजूनं बिल्डरवर नियम घालणारा २०१६ चा कायदा. त्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासनं ५ वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात दोष निघाला, तर तो बिल्डरनं ३० दिवसांच्या आत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. पण चहाच्या टपरीवर तोंडी सांगून उपयोग नाही. फोटो काढा, तारीख घाला, लेखी द्या आणि पोच घ्या. घरफाळ्याला आणि वीजबिलाला आपलं नाव लागलंय का, तेही याच फायलीत बघून टाका. बरेचजण वर्षानुवर्षं आधीच्या मालकाच्या नावानं भरत असतात.

एवढं सगळं एका रविवारी होणार नाही. दोन रविवार धरा, पहिला गच्चीचा, दुसरा बाकीच्याचा. आणि पहिला जोराचा वळीव झाला, विजा पूर्ण थांबल्या, की चहा प्यायच्या आधी एकदा गच्चीवर जाऊन या. कोपऱ्यात द्रोण दिसला तर उचला.

नमस्कार.