खिशातल्या चाकूचं पातं: सरळ धार आणि पोटाची धार

श्रोतेहो, नमस्कार.

जाड पुठ्ठ्याचं एक खोकं आणि दोन घडीचे चाकू घ्या. एकाची धार टोकाकडे गोल होत वर जाते. या गोलाईला आपण पात्याचं पोट म्हणू. दुसऱ्याची धार मुठीपासून टोकापर्यंत पट्टीसारखी सरळ आहे. दोन्हींनी पुठ्ठ्यावर स्वतःकडे ओढत लांब चीर द्या. पोटाच्या पात्याचं टोक धारेच्या रेषेपेक्षा वर असतं, त्यामुळे ते रुतवायला मनगट उचलावं लागतं, नाहीतर पातं चिरेतून वर निसटतं. सरळ धारेचं टोक सगळ्यांत खाली असतं. हाताचा दाब थेट तिथे पोचतो आणि चीर शेवटपर्यंत सारखी खोल जाते.

खिशातल्या चाकूंमध्ये सध्या सरळ धारेची पाती का वाढली, ते एवढ्यावरूनच कळतं. चाकूचं रोजचं काम आता पार्सल, चिकटपट्टी, दोरी आणि प्लॅस्टिकचे बंद हे आहे.

१९६४ मध्ये बाजारात आलेल्या बक ११० या अमेरिकन चाकूचं पातं होतं क्लिप पॉइंट. यात पात्याच्या पाठीचा, म्हणजे धारेच्या उलट बाजूचा, पुढचा भाग खोलगट कापलेला असतो, म्हणून टोक बारीक आणि तीक्ष्ण होतं. शिकाऱ्याला कातड्यात टोक घालायला ते उत्तम. मात्र त्याच टोकाने डब्याचं झाकण उचकटलं तर ते मोडतं, कारण तिथे पोलादच कमी असतं. ड्रॉप पॉइंटमध्ये पाठ हलक्या उताराने खाली येते आणि टोकापाशी जाडी टिकते. अमेरिकन चाकूकार बॉब लव्हलेस यांनी हा आकार शिकारीच्या चाकूंत रुजवला. प्राण्याचं पोट उघडताना टोक आतल्या आतड्यात घुसू नये, हा त्याचा फायदा. एकच चाकू ठेवायचा असेल तर माझं मत आजही ड्रॉप पॉइंटलाच.

सरळ धार नवी नाही. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या स्टॉकमन चाकूत तीन पाती असत: क्लिप, गुरं खच्ची करण्यासाठी बोथट टोकाचं स्पे, आणि सरळ धारेचं शीप्सफूट. शीप्सफूटची पाठ टोकाशी एकदम खाली वळते. खलाशांनाही हाच आकार लागे. पातं दोरावर ठेवायचं, पाठीवर लाकडी ठोकळा मारायचा आणि दोर तुटतो; हलत्या जहाजावर अणकुचीदार टोक लागण्याची भीतीही कमी. व्हॉर्नक्लिफ हा त्याचाच भाऊ, पण त्याची पाठ लांबून उतरते, म्हणून टोक जास्त बारीक. टाके उसवायला ते छान, पण पहिली इजा त्यालाच होते.

१९८० च्या दशकात कोल्ड स्टील या अमेरिकन कंपनीमुळे कोनदार टोकाचा तांतो हा पात्याचा आकार लोकप्रिय झाला. टोक दणकट, पण धार दोन तुकड्यांत. भाजी चिरायला गैरसोयीचा. रिव्हर्स तांतोत हा कोन पाठीवर गेला आणि धार अखंड राहिली. बेंचमेड ९४० हा चाकू त्याचं प्रसिद्ध उदाहरण.

सरळ पातं घेतलंत तर निसण्यावर काम सोपं होतं, पण दोन चुका हमखास घडतात. पातं २ सेंमी रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे ७ मिमी उचला, म्हणजे एका बाजूचा कोन साधारण २० अंश होतो. बोथट झालेल्या धारेला ४०० नंबरचा खरखरीत दगड, नेहमीच्या कामाला १००० नंबरचा बारीक पुरे. दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत काठ बोटाला लागेपर्यंत एक बाजू घासा, मग बाजू बदला. पहिली चूक म्हणजे टोक दगडाच्या कडेवरून खाली घसरू देणं. दोन-चार वेळा असं झालं की टोक गोल होतं आणि ज्यासाठी हा आकार घेतला तेच जातं. टोक दगडावर असतानाच हात थांबवा.

दुसरी चूक मुठीजवळची. धार जिथे संपते तिथे छोटी खाच नसेल, तर शेवटचे दोन-तीन मिलिमीटर दगडाला लागतच नाहीत. बाकीची धार झिजत जाते, तेवढा भाग तसाच पुढे राहतो. मग फळीवर कोथिंबीर चिरताना मधल्या काड्या अखंड सुटतात. पोटाच्या पात्यात हा दोष उशिरा जाणवतो, कारण तिथे आपण पातं डोलवत चिरतो.

सरळ पात्याने फळ सोलणं जमतं, पण मासा किंवा कोंबडी सोलायला पोटाचं पातंच हवं. कातडं आणि मांस यांच्यामध्ये गोल धार सरकत जाते, तर सरळ पात्याचं टोक कातड्याला भोक पाडतं.

आकाराइतकीच जाडी पाहा. ४ मिमी जाड पात्याने सफरचंद कापलं जाण्याऐवजी तडकतं. २ ते अडीच मिमीचं, धारेपर्यंत सपाट उतरत गेलेलं पातं सहज आरपार जातं. दुकानात पातं उघडून धार सपाट काचेवर अलगद टेकवा आणि मागून उजेड पाहा. सरळ म्हणून विकलेल्या पात्याखालून मध्ये उजेड दिसला, तर ते परत ठेवा.