ड्यूअर: एका आडनावाची भटकंती

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज मी एकाच आडनावाबद्दल बोलणार आहे, आणि सुरुवात एका चौकशीपासून करतो.

२२ एप्रिल १४२८. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात ग्लेन डॉखर्ट नावाचं खोरं आहे. तिथल्या जाणत्या माणसांना शपथेवर बसवून विचारलं गेलं, की सेंट फिलन या ख्रिस्ती संताची काठी ज्याच्या घरात असते, त्याचे हक्क काय आणि त्याचं कर्तव्य काय? हक्क असा सांगितला गेला, की खोऱ्यातल्या प्रत्येक कुळाने दरसाल त्याला ओटचं पीठ द्यायचं. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त, ज्याची थोडी त्याने थोडं. आता कर्तव्य ऐका. कुणाची गुरं किंवा चीजवस्तू चोरीला गेली, आणि वैराच्या भीतीने म्हणा, जिवाच्या भीतीने म्हणा, मालकाला चोराच्या मागावर जाता येईना, तर त्याने काठीवाल्याला निरोप धाडायचा. सोबत चार पेनी किंवा पायताणांचा एक जोड, आणि पहिल्या रात्रीचं जेवण. मग काठीवाला निघायचा. स्कॉटलंडच्या राज्यात गुरं जिथे जिथे नेली असतील तिथवर त्याने माग काढत जायचं.

तो पायताणांचा जोड माझ्या मनातून जात नाही. मोबदला म्हणून जोडे देतात तो माणूस चालण्यासाठीच नेमलेला असणार. त्या लॅटिन कागदात या माणसाला ‘जोरे’ म्हटलं आहे. गेलिक ही त्या डोंगरी मुलखाची जुनी भाषा, आणि तिच्यातला मूळ शब्द ‘ज्योरा’च्या जवळपास उच्चारला जातो. जोरे, डोइरे, ज्योर अशी रूपं घेत घेत त्याचं इंग्रजी वळण झालं ड्यूअर.

आणि गेलिकमध्ये या शब्दाचा अर्थ पुजारी नाही, रखवालदारही नाही. अर्थ आहे परका, परदेशी, वाटसरू. आपला मुलूख सोडून फिरणारा. संताची वस्तू घेऊन सीमेपलीकडे जाणारा, तिच्या साक्षीने शपथा घडवणारा, चोराला गाठणारा माणूस कुठेही गेला तरी परकाच. हळूहळू तो शब्द त्या पदालाच चिकटला. गंमत म्हणजे त्या काठीचं नाव क्विग्रिख, आणि त्याचाही अर्थ ‘परका’! परक्याच्या हातात परकी काठी. ‘ड्यूअर’ ऐकलं की आपल्या कानांना ‘देव’ ऐकू येतो, पण त्या शब्दाशी याचं काही नातं नाही. नातं आहे ते वाटेशी.

सेंट फिलन हे आठव्या शतकातले मानले जातात. त्यांच्या मागे पाच वस्तू राहिल्या असं खोऱ्यात मानत आणि पाच घराणी त्या सांभाळत. काठीचा ड्यूअर वेगळा, घंटेचा वेगळा, हाताच्या अस्थीचा वेगळा. प्रत्येकाकडे त्या सेवेपोटी जमिनीचा तुकडा होता. आपल्याकडे गुरवाची इनाम जमीन आणि खळ्यावरचा वाटा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. सेवा वंशपरंपरेने, जमीनही वंशपरंपरेने, आणि मग नावही. अशीच कितीतरी आडनावं तिकडे तयार झाली. मॅकइंटायर म्हणजे सुताराचा मुलगा, बॅक्स्टर म्हणजे भटारी, नेपियर म्हणजे मोठ्या घरातलं टेबलावरचं कापड सांभाळणारा. पण ‘परका’ हा हुद्दा होऊन त्याचं आडनाव व्हावं, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

कोळ्याच्या गोष्टीतला राजा रॉबर्ट ब्रूस आपण शाळेपासून ओळखतो. त्याची फिलनवर श्रद्धा होती. १३१४ च्या, इंग्रजांविरुद्धच्या बॅनकबर्नच्या लढाईआधी या संताच्या हाताची अस्थी छावणीत आणली होती अशी आख्यायिका आहे. १४८७ मध्ये तिसऱ्या जेम्स राजाने मॅलिस डोइरे याला एक पत्र दिलं, त्यातही ब्रूसचा हवाला येतो. क्विग्रिख या घराण्याकडे ब्रूसच्या काळापासून आहे, तिच्याबद्दल त्यांनी कुणालाही जाब द्यायचा नाही, धर्मगुरूला नाही आणि सरदारालाही नाही, आणि ती घेऊन त्यांना देशभर फिरू द्यावं. मला हे पत्र फार मोलाचं वाटतं. एका साध्या शेतकरी घराण्याला राजा सांगतो आहे की तुमच्या खांद्यावरच्या वस्तूला वरिष्ठ कोणी नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. सगळे ड्यूअर या काठीचे नव्हेत. एडिनबर्गच्या दक्षिणेला, जुन्या मिडलोदियन परगण्यात ड्यूअर नावाचं एक ठिकाण आहे, आणि १२९६ मध्ये इंग्लंडच्या राजापुढे निष्ठेची शपथ घेणाऱ्यांच्या यादीत ‘ड्यूअरचा’ म्हणून ओळखला जाणारा माणूस सापडतो. तिथे गावावरून नाव आलं. आडनाव एक म्हणून घराणं एक असं धरून वंशावळी जोडणारी मंडळी तिकडेही आहेत आणि आपल्याकडेही आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच, की आधी कागद बघा.

१५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये संतांच्या अवशेषांची पूजा बंद झाली. पीठ थांबलं, मान गेला. काठी मात्र घरातच राहिली. १७८२ मध्ये ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी किलिन गावी गेला, तेव्हा त्याला ती एका रोजंदारीच्या मजुराकडे दिसली. राजाचं पत्रही त्याच घरात होतं. त्या मजुराचं नावसुद्धा मॅलिस डोइरे. त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा, काठीचा वारस, क्षयाने शेवटच्या घटका मोजत बाहेरच्या खोलीत पडला होता. घरात चांदीने मढवलेली काठी, आणि ती विकून पोट भरावं असं त्या बापाच्या मनात आलं नाही. १७९८ मध्ये फिलनची घंटा एका इंग्रज प्रवाशाने दफनभूमीतून उचलून नेली. ती १८६९ मध्ये परत आली.

आणि काठी? ती १८१८ च्या सुमारास निघाली कॅनडाला. डोंगरातली माणसं देशोधडीला लागत होती, त्यांत हे ड्यूअरही होते. आर्चिबाल्ड ड्यूअर आपलं बिऱ्हाड घेऊन ऑन्टारिओत गेला. तिथल्या गेलिक शेतकऱ्यांची गुरं आजारी पडली की ते त्याच्याकडे येत, काठीवरून ओतलेलं पाणी नेत आणि जनावरांना पाजत. चार पेनींची चौकशी होऊन चारशे वर्षं उलटली होती, मध्ये समुद्र होता, तरी गुरांसाठी लोक त्याच दाराशी येत होते.

तिला परत आणलं डॅनियल विल्सन यांनी. हे मूळचे एडिनबर्गचे, टोरांटोला प्राध्यापक. इंग्रजीत ‘प्रागैतिहासिक’ हा शब्द रुळवला तो त्यांच्या १८५१ च्या ग्रंथाने. त्यांच्या पुढाकाराने १८७६ मध्ये म्हाताऱ्या अलेक्झांडर ड्यूअरने, आर्चिबाल्डच्या मुलाने, ती स्कॉटलंडच्या राष्ट्रासाठी म्हणून सुपूर्द केली. मी ती एडिनबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहिली. खरं म्हणजे ती काठीची फक्त वाकडी मूठ आहे. पुढे स्फटिकाचा मोठा खडा, अंगावर तारकाम. चांदीचं ते कवच उघडलं तेव्हा आत दुसरी, जुनी ब्रॉन्झची मूठ निघाली. जुनीवरच्या चांदीच्या पट्ट्या काढून कुणीतरी त्या नव्या कवचावर बसवल्या होत्या. मी काचेसमोर बराच वेळ उभा होतो. फिलनची घंटाही त्याच संग्रहालयात आहे.

आता नाव मिरवणारी इतर माणसं. पर्थमध्ये १८४६ साली दुकान काढणाऱ्या जॉन ड्यूअर यांचं नाव व्हिस्कीच्या बाटलीवर जगभर गेलं. १९९९ मध्ये जवळजवळ तीनशे वर्षांनी स्कॉटलंडची संसद पुन्हा भरली, तेव्हाचे पहिले फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले सरकारप्रमुख, डोनाल्ड ड्यूअर. पुढच्याच वर्षी ते गेले.

पण मला थांबायचं आहे ते शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांच्यापाशी. जन्म १८४२, फोर्थ नदीकाठचं किनकार्डिन. वडील खानावळवाले. दहा वर्षांचा असताना हा मुलगा गोठलेल्या तळ्यात पडला, संधिवाताच्या तापाने दोन वर्षं पायांनी साथ दिली नाही. त्या काळात तो गावातल्या सुताराकडे बसून व्हायोलिन बनवायला शिकला. माझ्या हातातलं कसब तिथलं, असं ते पुढे सांगत. १८९२ मध्ये त्यांनी काचेत काच बसवून मधली हवा काढून टाकली, आणि अतिथंड द्रव टिकवून ठेवणारं भांडं तयार झालं. त्याचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. पुढे जर्मनीत त्याचा थर्मास झाला. दवाखान्यात पेशंटसाठी आपण चहा नेतो तो हाच थर्मास. प्रयोगशाळेत त्या भांड्याला आजही ‘ड्यूअर’च म्हणतात.

तुमच्यापैकी जे खेड्यातून आले आहेत त्यांनी तो पाहिलाही असेल. गाय माजावर आली की डॉक्टरांना फोन जातो. ते मोटारसायकलला ॲल्युमिनियमचा कॅन बांधून येतात, बूच काढतात, पांढरी वाफ कॅनच्या कडेवरून खाली सांडते, आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून चिमट्याने रेतमात्रेची कांडी वर येते. तो कॅन म्हणजे ड्यूअरच.