मुंबई बघायला निघालात? आधी भरतीची वेळ काढा

माझ्या हातात हे जे आहे ते कालनिर्णय. मुंबईच्या ट्रिपच्या व्हिडिओत मी हे घेऊन का बसलोय, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आई आणि मावशीला मुंबई दाखवायला आणलं होतं. मावशीची फार इच्छा, हाजी अलीला जायचंच. दुपारी बाराच्या सुमारास आम्ही पोचलो, तर दर्ग्याकडे जाणारी वाटच दिसेना. समोर नुसतं पाणी आणि पाण्यात मधोमध दर्गा. तिथल्या चणेवाल्याने विचारलं, "पुनवेला दुपारचे कसे आलात? आता तीन-साडेतीनशिवाय वाट उघडायची नाही." आमची गाडी चारची होती. मावशीने रस्त्यावरूनच हात जोडले. त्यानंतर तिला पुन्हा मुंबईला येणं जमलेलं नाही, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

गंमत म्हणजे त्या दिवशीची भरती तिच्याच घरी भिंतीवर टांगलेली होती! कोकणातली जुनी माणसं एक हिशेब करतात: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, प्रत्यक्षात बारापर्यंतही जातं. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. दिवसातून दोनदा भरती येते, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून निघण्याआधी मोबाइलवर नक्की वेळ बघून घ्याच.

आणखी एक. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. पावसाळ्यात बातम्यांत "साडेचार मीटरच्या लाटा" म्हणतात ना, ती लाटेची उंची नसते. भरतीच्या पाण्याची पातळी तेवढी चढणार, असा त्याचा अर्थ. लाटा त्याच्या वर, वेगळ्या. अशा दिवशी समुद्रात उतरू नका. जुहूला तर अजिबात नको.

आता समजा, तुम्ही षष्ठीला आलात. हिवाळ्यातली षष्ठी धरू. सहा पाऊण साडेचार. म्हणजे दुपारी साडेचारला भरती आणि सकाळी साडेदहाला ओहोटी. अख्खा दिवस इथेच ठरला!

सकाळी साडेनऊला हाजी अली. ऑफिसच्या गर्दीची लोकल मात्र टाळा, बॅगा आणि म्हातारी माणसं घेऊन त्या डब्यात शिरणं खरंच धोक्याचं आहे. दर्शन झालं की लगेच वळू नका. ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांकडे जरा वाकून बघा. खळग्यात वीतभर पाणी साचलेलं असतं. दोन मिनिटं हलू नका, सावलीसुद्धा पडू देऊ नका. मग एक शंख चालायला लागतो. आतून बारीक पाय बाहेर येतात, तो खेकडा असतो, दुसऱ्याचा रिकामा शंख पाठीवर घेऊन फिरणारा. शेजारी फुलासारखं काही पसरलेलं दिसलं तर तेही जिवंत आहे, बोट लावू नका. मुंबईच्या समुद्रात कचऱ्याशिवाय काही नाही असं जे म्हणतात, त्यांना मी या खळग्याशी आणून उभं करतो.

आता पाठ फिरवून रस्त्याकडे बघा. हाजी अलीहून वरळीकडे जाणारा हा रस्ता म्हणजे एके काळचा बांध, हॉर्नबी वेलार्ड. मुंबई तेव्हा सात बेटांची होती, आणि इथल्या खिंडारातून भरतीचं पाणी थेट आत घुसायचं. १७८०च्या दशकात बांध घालून ते अडवलं. ते पाणी कुठपर्यंत जायचं, हे नावांत राहिलंय. पायधुणी, म्हणजे चिखलपाणी तुडवून आलेली माणसं जिथे पाय धुवायची ती जागा. उमरखाडीच्या नावात तर खाडीच आहे. आज तिथे उभं राहिलात तर समुद्राचा वाससुद्धा येत नाही.

दुपारी बाणगंगेला जा, वाळकेश्वरला. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि कुंडातला झरा गोड्या पाण्याचा. पायऱ्यांवर अर्धा तास बसा, एवढंच करायचं.

साडेचारनंतर मरीन ड्राइव्ह. पाणी कठड्यापर्यंत आलेलं असतं आणि सूर्य मावळेपर्यंत ते फारसं मागे गेलेलं नसतं. फोटोसाठी खालच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उतरू नका, ते शेवाळाने निसरडे असतात आणि मधल्या फटीत माणूस अडकतो.

घारापुरीसाठी, म्हणजे एलिफंटाच्या बेटासाठी दुसरा दिवस राखून ठेवा. सोमवारी लेणी बंद असतात, हे विसरून गेटवेला आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. बोटीला तासभर लागतो, लाइफ जॅकेट घाला आणि मुलांना घातलंय ना ते स्वतः बघा. धक्क्यावरून लेण्यापर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत.

आत गेल्यावर लोक सदाशिवासमोर सेल्फी काढून पाच मिनिटांत परततात. माझी विनंती आहे, थांबा. ही जवळजवळ सहा मीटर उंच मूर्ती. तिला त्रिमूर्ती म्हणतात, म्हणून ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात, पण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. तुमच्या डाव्या हाताचं मुख अघोर, म्हणजे उग्र, मिशा आणि हातात नाग. उजवीकडचं कोमल, वामदेवाचं, हातात कमळ. मधलं डोळे मिटून शांत. डोळ्यांना अंधार सरावला की तिन्ही चेहऱ्यांवरचे ओठ निरखून बघा. दगड एकच आहे, आणि प्रत्येक ओठावरचा भाव वेगळा आहे.

परतीची शेवटची बोट किती वाजता आहे, ते मात्र उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवा.