२८ दिवसांचा ठोकळा

सकाळपासून मिक्सर थांबलेला नाही. काँक्रीटचा माल वर चढतोय, तिसऱ्या मजल्याचा स्लॅब आज पुरा करायचाय. या धावपळीत खाली कोपऱ्यात, याच मालाचे चाचणीचे ठोकळे म्हणजे क्यूब पाडायला, तेल लावलेले लोखंडी साचे मांडून लॅबची मुलगी बसली आहे.

आधी स्लम्प. ३०० मिलिमीटर उंच, वर निमुळता होत गेलेला पत्र्याचा शंकू. माल थराथराने भरायचा, गोल टोकाच्या सळईने प्रत्येक थराला २५ ठोके. मग शंकू सरळ वर. धक्का नाही, पीळ नाही. ढीग किती खाली बसतोय, बघा. तोच स्लम्प. माल जास्त पातळ झाला असेल तर तो इथेच, मिनिटभरात कळतो.

"पाणी टाक रे, माल हलत नाही!" वरून आलेली ही हाक जवळजवळ प्रत्येक साइटवर ऐकू येते. एम-२० या ताकदीच्या काँक्रीटच्या साध्या मिश्रणात सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागे पाणी जास्तीत जास्त ३० लिटर. त्याहून जास्तीची बादली मालाला सैल करते, पण ते जादा पाणी पुढे उडून जातं आणि काँक्रीटमध्ये बारीक पोकळ्या सोडून जातं. म्हणून क्यूब याच घमेल्यातले हवेत, स्लॅबवर जाणाऱ्या मालातले. खास कालवलेल्या मालाचा क्यूब कितीही दाब सोसो, त्या घराला त्याचा काही उपयोग नाही.

साचा १५० मिलिमीटरचा. तीन थर, दर थराला ३५ ठोके, वरून थापी. दुसऱ्या दिवशी साचे उघडले, अंगावर तारीख आणि मजला लिहिला, आणि क्यूब हौदात. पाणी २७ अंशांच्या आसपास.

वर स्लॅबवर वाफे करून पाणी भरलंय. पीपीसी, म्हणजे राखेसारखा पोझोलाना मिसळलेलं सिमेंट असेल तर हे किमान १० दिवस चालायला हवं.

अठ्ठाविसावा दिवस. ओला क्यूब पुसून मशीनमध्ये. थापी फिरवलेली बाजू प्लेटखाली येऊ द्यायची नाही, दाब साच्याला टेकलेल्या सपाट बाजूंवरच. एम-२० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. एवढ्या ठोकळ्यावर त्याचे होतात ४५० किलोन्यूटन, जवळजवळ ४६ टन. दाब एकाच गतीने चढतो. आता आवाज ऐका.

चारही बाजूंचे टवके सुटले, मध्ये डमरू उरला. नीट फुटलेला क्यूब असा दिसतो.

एका नमुन्याचे तीन क्यूब. त्यातला एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त ढळला, तर तो नमुना धरत नाहीत. ताकद कमी भरली, तर स्लॅबचा कोअर, म्हणजे भोक पाडून काढलेला गोल तुकडा, तपासावा लागतो.

पुलाच्या कामात या चाचण्यांच्या निकालांचे तक्ते मागितले जातात. आयुष्याची पुंजी घालून घर बांधणाऱ्यानेही मागावेत. १५ घनमीटरच्या स्लॅबला दोन नमुने, म्हणजे सहाच क्यूब.

तिसरा क्यूब फुटला. आकडा रजिस्टरात गेला, प्लेट झाडून झाली. चौथ्या मजल्याचे क्यूब अजून हौदात आहेत.